शुक्रवार पेठेतलं पूररेषेतलं जुनं घर: आतलं काम करताना काय ठेवावं, काय काढावं?

शुक्रवारपेठकर
नमस्कार. घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडच्या उताराला. खाली सोपा (पुढची पडवी), माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि वर माडी. भिंती विटा-मातीच्या, त्यावर कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. कडीपाट (तुळया-फळ्यांचं छत) आणि चौकटी सागवानी. २०१९ ला खाली कमरेच्या वर पाणी होतं, २०२१ ला परत आलं. दोन्ही वेळी प्लायची कपाटं आणि किचन ट्रॉल्या फुगल्या आणि रस्त्यावर टाकाव्या लागल्या. आमच्या गल्लीतून असल्या सामानाचे ट्रॅक्टर भरून गेले. ते बघितल्यापासून हे परत करायचं नाही एवढं मनात पक्कं आहे. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अजून पोटात गोळा येतो.

आता धाकट्या दिराचं लग्न ठरलंय, मे महिन्यातलं. त्यामुळं काम काढायचंच आहे. डिझायनरचा आराखडा असा: कडीपाट पीओपीच्या छताखाली झाकायचा, शहाबादी फरशीच्या जागी व्हिट्रिफाइड टाइल्स, खालच्या भिंतींना पॅनेलिंग, जुनी दारं भंगारात. घरात बाकी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पर्यावरणाचा विचार करून काम करायचं तर सुरुवात कुठून करू? सासऱ्यांना 'जुनं ते चांगलं' एवढं सांगून पटणार नाही, त्यांना कारण लागतं.

आतलं_काम
ताई, मी अंतर्गत सजावटीची कामं करते आणि त्यातली बरीच पूररेषेतली असतात. अशा घरात सर्टिफिकेट आणि ग्रीन लेबल नंतर बघायचं. आधी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: चार दिवस गढूळ पाण्यात राहिली तर धुऊन, वाळवून परत वापरता येते का? दर पुराला ट्रॅक्टरमध्ये जाणारं कपाट कितीही 'इको' बोर्डाचं असलं तरी तो कचराच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडणं आपल्याला नवीन राहिलेलं नाही, तेव्हा पाणी येणार हे धरूनच आखा.

सगळ्यात आधी भिंत, कारण सगळं बिघडतं तिथून. विटा-मातीची भिंत पूर नसतानाही जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याचा गिलावा असला की ती ओल हवेत निघून जाते. सिमेंट तिला कोंडून धरतं, मग ती आणखी वर चढते आणि जिथं बाहेर पडायला जागा मिळते तिथं क्षार सोडते. तुमच्याकडे खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे आणि हात लावला की झडणारी पांढरी पूड असणार. तो लोणा. त्यावर पॅनेलिंग ठोकलं की लोणा नजरेआड होईल आणि मागं बुरशी, वाळवी वाढत राहील. पॅनेलिंगला माझा स्पष्ट नकार आहे.

पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट सोलून काढा आणि भिंत उघडी ठेवा. घाई करू नका, दिवाळीनंतर सोलली तर संक्रांतीपर्यंत तशीच राहू दे. मग मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून. वर चुन्याचीच सफेदी, रंग हवा असेल तर गेरू किंवा नीळ घालून. प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट मारलात तर केलेलं सगळं वाया. आणि पर्यावरणाचं विचारताय म्हणून: चुना भाजायला साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतात, सिमेंटच्या क्लिंकरला १४५० च्या आसपास. शिवाय गिलावा घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो.

स्वयंपाकघरात आपल्याकडे पूर्वी असायचे तसे कडाप्प्याच्या काळ्या फरशीचे उभे-आडवे कप्पे करा. मॉड्युलर किचनच्या नादात आपण ते फोडून टाकले याचं मला खरंच वाईट वाटतं. पाणी ओसरलं की पाइप मारून धुवायचे, झालं. आयएस ७१० चा (म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) प्लाय उकळत्या पाण्याच्या चाचणीत ७२ तास तग धरतो हे खरं. पण त्याला चिकटवलेलं लॅमिनेट, कडेच्या पट्ट्या, चॅनेल यांची तशी चाचणी नसते, आणि गाळ शिरतो तो तिथूनच. कप्प्यांना दारं हवीत तर जुन्या सागवानाची करा, उचलून काढता येतील अशा बिजागऱ्यांवर. पाण्याचा इशारा आला की दारं माडीवर. ट्रॉल्यांशिवाय चालणारच नसेल तर उद्यमनगरातल्या कारखान्यांतून स्टेनलेस स्टीलचे साधे सांगाडे करून घ्या.

कडीपाट उघडाच ठेवा. वाळवी किंवा गळती लागली तर वेळेवर दिसली पाहिजे. विजेचे बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर न्या आणि खालच्या मजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) वेगळा काढा. पंखे बदलणारच असाल तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ७५ वॅटच्या जागी ३० च्या आसपास लागतात.

सासऱ्यांना फक्त दोन पुरांत टाकलेल्या सामानाची बिलं दाखवा.

रंधा_पटाशी
वैनी, मी लाकडापुरतं बोलतो, आमची सुतारकी आज्यापासूनची हाय. दारं-चौकटी भंगारात घालू नका. नवीन सागवान घ्यायला गेलं की कडेचं पांढरं लाकूड बरंच येतं आणि वाळवी आधी त्यालाच धरती. जुन्या चौकटीत गाभ्याचं लाकूड असतंय.

चौकटीचे पाय तेवढे टोच्यानं टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय. अख्खी चौकट काढायची गरज नाही, कुजलेलं कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवायचा. मशीनवर घालायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढायचे, एक तुटका खिळा राहिला तरी पातं जातंय. ह्यात मजुरी जाती, ती धरून चला.

पॉलिशचं ध्यानात ठेवा. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश देखणं, पण पाण्यानं पांढरं पडतंय. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या कडेनं पाणी शिरलं की पापुद्रे निघतात आणि सगळं घासल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही. खालच्या मजल्याला डबल बॉइल्ड जवसाचं तेल द्या, पातळ हात, मधी पूर्ण वाळू देऊन. पूर येऊन गेला तर धुवायचं, सावलीत वाळवायचं, परत तेलाचा हात द्यायचा. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटत्यात. पसरून वाळवा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
वाचायला छान आहे, पण चुन्याचं काम येणारा गवंडी आहे कुठं? आणि लग्न मे महिन्यात आहे. भिंत वाळायची वाट बघत बसले तर वऱ्हाड उघड्या विटांत बसवायचं का?

आतलं_काम
प्रश्न रास्त आहे. गवंडी देवळांच्या जीर्णोद्धाराच्या कामावर शोधा, तिथं चुन्यात हात असलेली माणसं भेटतात. आधी एकच भिंत करून घ्या, ती बघून पुढचं ठरवा. वेळेचं म्हणाल तर ताई, काम दोन टप्प्यांत काढा. माडीवर पाणी पोचत नाही, तिथं नव्या जोडप्याची खोली आत्ताच होऊ शकते. खाली लग्नाआधी फक्त सिमेंट सोला, वायरिंग वर घ्या, चौकटी दुरुस्त करा आणि विटांवर चुन्याचे दोन हात मारा. मांडव दारात घालणारच असाल, सोप्यात पाहुणे टेकतील तेवढं नीट दिसतं. गिलावा पुढच्या हिवाळ्यात.

शुक्रवारपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन टप्प्यांचं सासऱ्यांना पटतंय असं दिसतं, बिलं शोधायला त्यांनी स्वतःच ट्रंक काढली. शहाबादीचं राहिलं. माजघरात ती एका बाजूला खचलीय. सगळी काढून परत बसवायची का?

आतलं_काम
सगळी नको, खचलेली तेवढीच. उचलण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक फरशीवर खडूनं नंबर व दिशेचा बाण घाला. जुन्या फरश्या हातानं घडवलेल्या असतात, जाडी आणि कडा शेजारणीशी जुळवलेल्या, अदलाबदल झाली की सांधे बसत नाहीत. खालची भर कुटून घट्ट करा, चुन्याच्या मालात बसवा आणि उतार परड्याकडे ठेवा, म्हणजे गाळ धुताना पाणी मागं निघून जाईल.