कादंबरीतला कर्ण आणि महाभारतातला कर्ण

गोदाकाठ :
आमच्या वाचनकट्ट्यावर नुकतीच शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'वर चर्चा झाली. कर्ण जन्मभर अन्याय सोसणारा निष्कलंक वीर होता आणि द्रौपदीने 'सूतपुत्राला वरणार नाही' असे सांगून त्याला भर स्वयंवरात झिडकारले, हे सर्वांनीच गृहीत धरले होते. आता हाच विषय नववी-दहावीच्या मुलांसमोर मांडायचा आहे. त्यांच्यापुढे कादंबरीतला कर्ण ठेवावा की महाभारतातला? आणि लेखकाने मूळ कथा कुठवर बदलावी?

पोथीवाचक :
महाभारतातला म्हणजे कोणत्या पाठातला, हे आधी ठरवावे लागेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, पाहिली, तर द्रौपदीचे ते वाक्य मुख्य संहितेत नाही. मूळचे कोपरगावचे आणि पुढे काशीत राहिलेले टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांच्या सतराव्या शतकातील पाठात मात्र ते आहे. चिकित्सित आदिपर्वात अर्जुन धनुष्याकडे निघतो, तेव्हा जमलेल्या ब्राह्मणांपैकी काही जण म्हणतात की, कर्ण आणि शल्य यांच्यासारख्या नामांकित राजांना जे वाकले नाही, ते या दुबळ्या बटूला कसे वाकणार? म्हणजे तिथे कर्णाला कोणी नाकारलेले नाही. त्याला धनुष्यच पेललेले नाही.

सभापर्वही वगळता येणार नाही. द्रौपदीला 'बंधकी' (वेश्या) म्हणणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रे उतरवून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. पुढे उद्योगपर्वात, कृष्णाशी एकांतात बोलताना, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना जे कठोर बोललो त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुलीही तोच देतो. पहिला प्रसंग सौम्य केला की या कबुलीत काही जीव उरत नाही आणि कर्णावर प्रेम करणाऱ्या लेखकाचेच त्यात नुकसान होते, असे मला मनापासून वाटते.

माजघर :
पाठभेदांची माहिती मोलाची आहे, परंतु चिकित्सित आवृत्ती हा नव्या लेखनाचा न्यायाधीश मानणे मला पटत नाही. आपल्याकडे ही कथा बहुतेकांनी संस्कृतातून ऐकलेलीच नाही. ती श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'तून आणि कीर्तनांतून ऐकली. शाहीर विठ्ठल उमप यांनी गाजवलेल्या 'जांभूळ आख्याना'त तर द्रौपदीला कर्णाविषयी वाटणारी ओढ उघड होते. व्यासांच्या ग्रंथात याला काहीही आधार नाही. तरीही पाच पतींच्या या स्त्रीला स्वतःचे मन होते, हे ते आख्यान ज्या धिटाईने सांगते, ती मला आधुनिक म्हणवणाऱ्या अनेक कादंबऱ्यांत सापडत नाही.

मुभा हवीच, पण लेखकाने आपली भर कुठे सुरू होते ते लपवू नये. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये याचा वस्तुपाठ आहे. महाप्रस्थानात कोसळलेली द्रौपदी आणि भीम यांचा अखेरचा प्रसंग त्यांनी स्वतः कल्पिला आहे, परंतु तो सुरू होण्यापूर्वी पुढचे व्यासांचे नसून आपले आहे, हे त्या वाचकाला सांगतात. त्यामुळे त्या प्रसंगाची धार तसूभरही कमी होत नाही.

गोदाकाठ :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलांसमोर आधी सभापर्वातील कर्णाचे बोलणे आणि उद्योगपर्वातील कबुली सलग वाचावी, त्यानंतर कादंबरीतील भाग घ्यावा, असे आता ठरवत आहे. सभापर्वातला उतारा या वयाला जड जाईल का, एवढीच शंका आहे.

पोथीवाचक :
उतारा जरूर वाचावा. मात्र त्याआधी द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न वाचावा : धर्मराज आधी स्वतःला हरले असतील, तर त्यांना मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? त्यावर तिच्या बाजूने उभा राहिलेला कौरव विकर्ण होता आणि त्याला गप्प बसवणारा कर्ण होता, हे मुलांच्या बरोबर लक्षात येईल.