अमेरिकेच्या उत्तरेत वर्णभेदाचा कायदा नव्हता, मग वस्त्या वेगळ्या कशा झाल्या?

प्रश्न : वाचनवेडी, वडोदरा

आमच्या वाचन मंडळात मागच्या रविवारी मी बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणाविषयी बोलले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तर तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. हा विरोध ठसावा म्हणून मी म्हटले की अमेरिकेतील वर्णभेद दक्षिणेतील राज्यांपुरता होता, न्यूयॉर्क उत्तरेत असल्यामुळे तेथे तो नव्हता. व्याख्यानानंतर एका आजोबांनी शांतपणे विचारले, "मग विद्यापीठाच्या शेजारची हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती कशी निर्माण झाली?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या बैठकीत मला माझे विधान दुरुस्त करायचे आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

उत्तर : इतिहासाचा शिक्षक

ताई, दक्षिणेत भेद कायद्यातच लिहिलेला होता, एवढे आपले म्हणणे बरोबर आहे. लुईझियानाने १८९० मध्ये रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा केला आणि १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९५६ पर्यंत मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढची १० आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीय उतारूला पुष्कळदा पुढच्या दाराने चढून भाडे द्यावे लागे, खाली उतरावे लागे आणि मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे, आणि कधी कधी तेवढ्यात बस निघूनही जाई. मात्र चार्ल्स्टनसारख्या जुन्या शहरांत गोऱ्यांच्या वाड्यांमागच्या गल्ल्यांतच कृष्णवर्णीय कुटुंबे राहत. दक्षिणेला त्यांचा शेजार चालत असे, बरोबरी चालत नसे.

उत्तरेत नेमके उलट घडले. पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे गेले. तेथे त्यांना मत देता येई, बसमध्ये कोठेही बसता येई, पण घर मिळत नसे. हार्लेममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी गरजेपेक्षा जास्त घरे बांधली गेली, तेव्हा काही मालकांनी ती चढ्या भाड्याने कृष्णवर्णीयांना दिली. इतर मालकांनी मात्र तसे न करण्याचे आपसांत लेखी करार केले.

उत्तर : निवृत्त दस्तलेखक, रावपुरा

या करारांविषयी मला लिहायचे आहे, कारण माझे सारे आयुष्य खरेदीखते लिहिण्यात गेले. तेथील खरेदीखतात एक अट घातली जाई की ही मिळकत कृष्णवर्णीय माणसाला विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याला तेथे राहू देऊ नये. ही अट मिळकतीसोबतच पुढे जात असल्याने मालक बदलला तरी ती सुटत नसे. आणि अनेक दस्तांत एक अपवाद असे : घरमालकाकडे कामाला असलेला नोकर तेथे राहू शकेल. त्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो.

शहराने कायदा करून वस्त्या वेगळ्या करणे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. खासगी दस्ताने मात्र तेच काम पुढे चालवले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने अशा अटींची शिफारसच केली, आणि सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे कर्ज धोक्याचे. डेट्रॉइटमध्ये १९४१ मध्ये एका बिल्डरला नव्या घरांसाठी याच प्रशासनाची कर्जाची हमी हवी होती, म्हणून त्याने शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सुमारे ६ फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली. ती अजून उभी आहे.

उत्तर : पश्चिमेकडील एक उदाहरण

पश्चिम किनाऱ्यावर हा भेद केवळ काळा-गोरा असा नव्हता. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९४७ मध्ये मेंडेझ खटल्याने त्या बेकायदा ठरवल्या. त्याच वर्षी शाळाभेदाची उरलेली कलमे रद्द करणाऱ्या विधेयकावर गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी सही केली, आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच लिहिला.

वाचनवेडी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काका, त्या दस्तांतील अटी आता काढून टाकल्या आहेत का?

निवृत्त दस्तलेखक, रावपुरा

ताई, १९४८ मध्ये न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत असे ठरले आणि १९६८ च्या कायद्याने त्या बेकायदा झाल्या, पण नोंदवलेला दस्त कोणी खोडत नाही. मिनेसोटासारख्या राज्यांत आता घरमालकाला वेगळा कागद नोंदवून ती अट आपल्यापुरती रद्द झाल्याचे जाहीर करता येते. जुना मजकूर दप्तरात तसाच राहतो, आणि त्याच्या जोडीला हा नवा कागद.