जेनी लिंड : जिचं ध्वनिमुद्रणच नाही अशा गायिकेवर श्रवणसत्र कसं बांधावं?

श्रवणकट्टा_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या पुढच्या श्रवणसत्रासाठी स्वीडनची ऑपेरा गायिका जेनी लिंड (१८२०–१८८७) हा विषय ठरला आहे. वेळ दीड तास. चाळीसेक श्रोते, सगळे नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणारे. ऑपेरा बहुतेकांनी कधी ऐकलेला नाही, पण कान तयार आहेत. हाताशी एक पेटी, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि दोन स्पीकर आहेत.

तिचा आवाज आज ऐकायला मिळत नाही, त्यामुळे नुसतं चरित्र सांगितलं तर सत्र भाषणावर जाईल. तीन गोष्टी नक्की करायच्या आहेत. तिचा आवाज गेला आणि पॅरिसमध्ये परत आला, म्हणजे नेमकं काय झालं? तिचा पल्ला आपल्या पट्ट्यांत कसा दाखवायचा? आणि वाजवायचं काय? अमेरिकेच्या दौऱ्याचे आकडे सगळीकडे वेगवेगळे दिसतात, त्यावरही कोणी लिहिलं तर बरं.

पांढरीपाच
पहिल्या प्रश्नापासून घेतो, कारण सगळी कारकीर्द त्यावरच उभी आहे.

७ मार्च १८३८ ला स्टॉकहोमच्या शाही ऑपेरात वेबरच्या ‘डेर फ्राय्शुट्झ’मधली आगाथे तिने गायली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढच्या तीन वर्षांत आलीस, लुचिया, नॉर्मा अशा एकाहून एक जड भूमिका अंगावर आल्या. अभिनयाची समज उत्तम होती, पण श्वासाची बैठक कच्ची. कच्च्या श्वासावर मोठ्या सभागृहात आवाज पोचवायचा म्हणजे गळ्यावर जोर येणार, आणि तो जोर सर्वांत आधी मधल्या सप्तकात दिसतो. वरचे सूर लागत राहतात, मधले घोगरे होतात. गायिकेला वाटतं आवाज शाबूत आहे, म्हणून ती आणखी गाते. लिंडचं हेच झालं.

१८४१ मध्ये ती पॅरिसला गायनशिक्षक मान्युएल गार्सियाकडे गेली. त्याने ऐकून सांगितलं की आवाज उरलेलाच नाही, शिकवण्यात अर्थ नाही. मग पथ्य दिलं : काही आठवडे गाणं पूर्ण बंद आणि बोलणंही जमेल तितकं कमी. त्यानंतर पुन्हा ऐकलं आणि मगच धडे सुरू केले. धडे म्हणजे सरगमीच्या पायरीवरून सावकाश चढणं-उतरणं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवणं आणि ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या सुरांचं आंदोलन, अगदी संथ लयीत घोटणं. तीन वर्षं नायिका म्हणून गाजलेल्या मुलीने पुन्हा पहिल्या पायरीवर बसायचं, हे सोपं नाही. श्रोत्यांना हे सांगताना घाई करू नका. जवळपास वर्षभराने, ऑक्टोबर १८४२ मध्ये, ती स्टॉकहोमला परत नॉर्मा गायली.

एक चूक टाळा. गार्सियाने आरशाने तिचा गळा तपासला असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. स्वरयंत्र पाहण्याचा आरसा त्याने वापरला १८५४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. लिंडचं निदान त्याने फक्त कानाने केलं.

स्वरलेखन
पल्ल्याचं सांगते. चरित्रकारांनी दिलेला पल्ला जवळपास पावणेतीन सप्तकांचा आहे. खालचा सूर मधल्या सी च्या लगेच खालचा बी, म्हणजे आपली पांढरी सात. वरचा सूर जी, म्हणजे पांढरी पाच, पण फार वरच्या सप्तकातली.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर खालचा सूर मधल्या सी च्या डावीकडची पहिलीच पट्टी. वरच्यासाठी उजव्या टोकापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत या, सहावी पट्टी. आधी ट्रान्सपोज शून्यावर आहे का आणि ऑक्टेव्हचं बटण दाबलेलं नाही ना ते बघा, नाहीतर सगळं खोटं ठरेल. तीन-साडेतीन सप्तकांच्या पेटीवर तो वरचा सूर मिळणार नाही, म्हणून पेटी फक्त षड्ज धरायला ठेवा.

आता श्रोत्यांच्या भाषेत. काळी चारला सा धरून गाणारी बाई धरा. तिच्या हिशेबाने लिंडचा तळ म्हणजे मध्य सप्तकातला कोमल गांधार आणि माथा म्हणजे अतितार सप्तकातला शुद्ध निषाद. हे ऐकून हॉलमध्ये चुळबुळ होईल, होऊ द्या. पण लगेच सांगा की टोकाचे सूर क्वचितच लागत. तिची खरी ओळख त्याच्या खाली होती : कीबोर्डच्या चौथ्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे एफ शार्प. काळी चारवाल्या बाईला तो तार सप्तकातला कोमल निषाद. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनला तिचा हा सूर फार आवडे.

तो सूर ऐकवायला त्याच्याच ‘एलिजा’ ऑरेटोरियोतलं (अभिनयाशिवाय गायली जाणारी धार्मिक कथा) ‘हिअर यी, इस्राएल’ घ्या. आधी बी मायनर, मग बी मेजर. पांढरी सातचा सा धरला की तोच एफ शार्प पंचम होतो. पेटीवर सा-प धरून ठेवा आणि मग रेकॉर्ड लावा. ऑपेरा न ऐकलेल्या माणसालाही त्या सुराचा आधार कुठे आहे ते कळेल. मात्र पेटी रेकॉर्डबरोबर चालू ठेवू नका. वाद्यवृंदाचा सूर थोडा वर असू शकतो आणि मग दोन्ही बेसूर वाटतात.

श्रवणकट्टा_सोलापूर
काळी चारचा हिशेब फारच उपयोगी, ताई. ‘एलिजा’चा पहिला प्रयोग तिनेच गायला ना?

स्वरलेखन
नाही. मेंडेल्सोनने सोप्रानोचा, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच आवाजाचा, भाग तिचा आवाज मनात धरून लिहिला, पण २६ ऑगस्ट १८४६ ला बर्मिंगहॅमच्या पहिल्या प्रयोगात तो मारिया काराडोरी-अ‍ॅलनने गायला. मेंडेल्सोन १८४७ च्या नोव्हेंबरात गेला. लिंडने ‘एलिजा’ गायलं ते डिसेंबर १८४८ मध्ये, लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये, त्याच्या नावाच्या शिष्यवृत्तीसाठी. ज्याच्यासाठी गायचं तोच ऐकायला नव्हता. ही तारीख सांगून थोडं थांबा आणि मग रेकॉर्ड लावा.

मखमलीपडदा
वाजवण्याचा क्रम. न्यूयॉर्कला कॅसल गार्डनमध्ये ११ सप्टेंबर १८५० ला तिचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम झाला. त्याचाच सांगाडा घ्या, तो आजही उत्तम बसतो. वेबरच्या ‘ओबेरॉन’ ऑपेराचं वाद्यवृंदाचं सुरुवातीचं संगीत, मग बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुष गायक) बेलेट्टीचं गाणं, मग लिंडची ‘नॉर्मा’मधली ‘कास्टा दिवा’. त्यानंतर बेनेडिक्ट आणि हॉफमन या दोन वादकांचे पियानो, मग लिंड आणि बेलेट्टीचं युगुलगीत. उत्तरार्धात मायरबेअरच्या ‘आइन फेल्डलागर इन श्लेझियन’मधला आवाज आणि दोन फ्लूटचा तुकडा, मग पुन्हा बेलेट्टी आणि त्यानंतर गुराख्याचं ‘एको साँग’. बघा, मुख्य गायिकेला बहुतेक गाण्यांआधी विसावा आहे. गार्सियाकडून परतल्यावर आवाज वर्षानुवर्षं कसा टिकला, त्याचा एक भाग या मांडणीत दिसतो.

दोन फ्लूटच्या तुकड्याला जुगलबंदी म्हणू नका. आपले श्रोते लगेच उपजेची वाट बघतील. इथे प्रत्येक सूर लिहिलेला आहे आणि मजा आहे ती आवाज कुठे संपला आणि फ्लूट कुठे सुरू झाला ते न कळण्यात. तोच भाग मायरबेअरने पुढे १८५४ च्या ‘लेत्वाल द्यु नोर’मध्ये वापरला. त्या नावाने शोधलंत तर रेकॉर्ड लवकर सापडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रेकॉर्डमध्ये हळू आणि मोठ्या आवाजात फार अंतर असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर लावला की ‘एको साँग’मधला पडसाद ऐकूच येणार नाही. कोणीतरी आवाज वाढवेल आणि पुढच्या कडव्याला स्पीकर फाटेल. आधी रेकॉर्डमधली सर्वांत मोठ्या आवाजाची जागा लावून आवाज ठरवा, बटणाला परत हात लावू नका आणि त्या चार मिनिटांपुरता कूलर बंद ठेवा. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.

‘कास्टा दिवा’ लावताना एवढं सांगा की लिंडची नॉर्मा सौम्य होती. बर्लिनला ती डोक्यावर घेतली गेली, पण लंडनला इटालियन गायिका ग्रीझीची धगधगती नॉर्मा पाहिलेल्यांना ती पटली नाही. सगळीकडे नुसता जयजयकार झाला असं सांगू नका.

हिशेबवही
आकड्यांचं. अमेरिका दौऱ्याचा आयोजक बार्नम याच्याशी झालेला करार जानेवारी १८५० चा : १५० कार्यक्रम, तिला दर कार्यक्रमाला १,००० डॉलर. शिवाय संगीतकार ज्युलियस बेनेडिक्टला २५,००० आणि बेलेट्टीला १२,५००. सगळी बेरीज १,८७,५०० डॉलर, आणि ही रक्कम बार्नमला आगाऊ लंडनच्या बँकेत ठेवावी लागली. आकडे वेगवेगळे दिसतात याचं कारण कोणी फक्त तिचा वाटा लिहितो, कोणी एकूण ठेव. शिवाय अमेरिकेत पोचल्यावर करार बदलला आणि नफ्यातही वाटा मिळू लागला. नव्वदीच्या पुढे कार्यक्रम झाल्यावर १८५१ मध्ये ती बार्नमपासून वेगळी झाली आणि मे १८५२ पर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर गायली. मिळकतीतला फार मोठा भाग तिने दानात दिला, विशेषतः स्वीडनमधल्या शाळांसाठी.

कराराची कच्ची बाजूही सांगा. १८४५ मध्ये तिने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचा व्यवस्थापक आल्फ्रेड बनशी करार केला होता. इंग्रजीत गायला जमणार नाही असं वाटून तिने तो मोडला आणि हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये गायली. बनने दावा लावला, २,५०० पौंडांची भरपाई मिळवली. बार्नमकडे पैसे आगाऊ मागणारी बाई त्या अनुभवातून गेलेली होती.

पांढरीपाच
एक भर. १० मे १८४९ ला तिने लंडनला ‘रोबेर ल दियाब्ल’मधली आलीस गायली आणि ऑपेराचा रंगमंच कायमचा सोडला. वय अठ्ठावीस. बार्नमच्या दौऱ्यात फक्त मैफली होत्या, ऑपेरा एकही नाही. जाहिरातीत ‘ऑपेरा दौरा’ छापू नका.

काळ जवळ आणायला आपल्याकडच्या दोन तारखा पुरतील. तिच्या पदार्पणानंतर पाच वर्षांनी, १८४३ मध्ये, सांगलीला विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्याला आलं तेव्हा ती हयात होती आणि तीन वर्षांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गाणं शिकवू लागली.

श्रवणकट्टा_सोलापूर
क्रम ठरला : ‘ओबेरॉन’, गार्सियाची हकीकत, कीबोर्डवर पल्ला, ‘कास्टा दिवा’, मध्यंतर, दोन फ्लूट, ‘एको साँग’ आणि शेवटी ‘एलिजा’. कूलरवाल्या दादांशी आजच बोलतो.

स्वरलेखन
‘एलिजा’ शेवटी असेल तर मध्यंतरानंतर पेटीचा भाता एकदा तपासून घ्या. सा-प धरताना हवा कमी पडली तर सूर डगमगतो आणि नेमका तोच पंचम त्यांच्या कानात राहायला हवा.