टायगरला निरोप कधी द्यायचा?

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): आमचा टायगर, जर्मन शेफर्ड, 11 वर्षांचा. दीड वर्षापूर्वी मागचे पाय ओढायला लागला. फरशीवर नखं घासल्याचा खर्र आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, डिजनरेटिव्ह मायलोपथी; पाठीतला मज्जारज्जू झिजत जातो, बरं करणारं औषध नाही. आता पोटाखाली टॉवेलची झोळी घालून मी त्याला परड्यात नेते. भाकरीचा वास आला की अजून कान टवकारतो. मग कसं ठरवू?

खानापूरहून: ताई, आमच्या राणीचंही हेच झालं. या आजारात तसं दुखत नाही, म्हणूनच आपण थांबत राहतो. मी कॅलेंडरवर तिच्या चांगल्या दिवसाला खूण करायचो. सलग आठ दिवस खूण पडली नाही, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. डोकं माझ्या मांडीवर होतं.

निपाणीहून: पुढच्या पायांत उतरलं की थांबू नका ताई, नंतर श्वासालाही त्रास होतो. कुशीवरच्या जखमा रोज बघा. मी महिनाभर उशीर केला, ते अजून सलतंय.

अनगोळहून: काल रात्री पुढचा पायही लटपटला. शनिवारी डॉक्टर येतायत. आंब्याखाली खड्डा काढून ठेव म्हणून भावाला सांगितलंय. तोवर रोज तूप लावून भाकरी देणार त्याला.