मदत हवी आहे : ननंदेचे पिंपल, बोअरचं खारं पाणी आणि घरगुती लेप

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. प्रश्न माझा नाही, ननंदेचा आहे. वय 19, बी.ए.ला आहे, रोज एसटीनं तालुक्याला जाते-येते. गालांवर आणि हनुवटीवर पिंपल आहेत. काही वरवरचे, काही आत गाठीसारखे, हात लागला तरी ठणकतात.

उन्हाळ्यात तिनं तालुक्यातल्या एका पार्लरमधून क्रीम आणलं. आठवडाभरात चेहरा असा तुळतुळीत झाला की सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. क्रीम संपलं, लगेच आणायला पैसे नव्हते, मग राहिलं. त्यानंतर जे उठलं ते आधीच्या दुप्पट. आता चेहरा लालच राहतो, उन्हात गेलं की चुरचुरतो. कापूस वेचायला येते तीही डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून. मला म्हणते, "वहिनी, आता इकतचं काहीच नाही लावत मी. तूच घरी काही बनवून दे."

तर घरी काय काय आहे ते सांगते. हळद, बेसन, मसूर डाळ. अंगणात कोरफडीचं मोठं बेट. बांधावर कडुलिंब. माहेर वरुडकडचं, त्यामुळे संत्र्याच्या वाळवलेल्या साली पोतंभर. मोबाईलवर पाहून साल मिक्सरमधून काढली, त्यात बेसन, हळद आणि लिंबू घालून लेप लावला, तर "आग होते, आग होते" करत तिनं पाच मिनिटांत धुऊन टाकला.

आता विचारायचं ते असं. लिंबाऐवजी काय घालू? कोरफडीचा गर बाटलीत भरून ठेवला की गुलाबी पडतो आणि वास मारतो, तो टिकवायचा कसा? आणि आमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचं काय करायचं? बोअरचं पाणी इतकं खारं आहे की साबणाला फेस येत नाही, तोंड धुतलं तरी चिकट वाटतं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं, पण रोज नाही, आणि ते प्यायला ठेवावं लागतं.

आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात, जमलं तर हेच उटणं करून विकू. तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

झेंडूचं फूल

ताई, कच्चं दूध, मध आणि लिंबाचे चार थेंब. रोज रात्री. माझी आजी हेच लावायची, सत्तरीतही एक डाग नव्हता चेहऱ्यावर. आग होते म्हणजे घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. निसर्गातल्या गोष्टीनं कधी कुणाचं वाईट झालं नाही.

निंबोळी

@झेंडूचं फूल, बिब्बा निसर्गातलाच आहे. लावून पाहा गालाला आणि उतला की सांगा.

झेंडूचं फूल

बिब्ब्याचं कोण म्हणतंय बाप्पा! दूध-मध म्हणतेय मी.

निंबोळी

दूध-मधाला ना नाही. लिंबाला आहे. लिंबाचा रस त्वचेपेक्षा कितीतरी आंबट, आणि त्यातली काही द्रव्यं अशी की रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं की कातडी भाजते. आमच्या शेजारच्या काकूंनी रसवंतीवर दिवसभर लिंबं पिळली, हातांवर फोड आले, नंतर काळे चट्टे पडले ते दिवाळीपर्यंत होते. ही पोरगी तर वऱ्हाडातल्या उन्हात शेतात जाते. पऱ्हाटीताई, लिंबाऐवजी काय घालू असं विचारूच नका. काहीच घालू नका. खायचा सोडाही नको, कुणीतरी येऊन सुचवेलच म्हणून आधीच सांगते.

संत्रावाला

मी मोर्शीचा, घरची बाग आहे. ताई, ती साल कुठली? माहेरच्या बागेतली असेल तर भावाला विचारा की शेवटची फवारणी कधी झाली होती आणि कशाची. संत्र्यावर आम्ही काय काय मारतो ते आम्हालाच माहीत. औषध बसतं ते सालीवरच. फळ सोलून खाता तेव्हा साल फेकली जाते. तुम्ही तीच जपून, वाळवून, दळून चेहऱ्याला लावता. बाजारातल्या संत्र्याची असेल तर विचारायचीही सोय नाही.

फवारणी न केलेल्या झाडाची असली तरी मिक्सरमध्ये साल काही मैद्यासारखी होत नाही. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळून पाहा, बारीक काचेसारखी टोचते. ते आपल्या पायाच्या टाचेला चालेल, पिंपलच्या गालाला नाही.

माझ्या बायकोनं हे वाचलं आणि म्हणाली, "सालीचं पोतं परसात खड्डा करून गाडा, खत तरी होईल."

साबणवाली

मी वर्ध्याजवळ राहते, साबण आणि उटणी बनवते. बऱ्याच वर्षांपासून हेच काम आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

पाण्याचं आधी, कारण तुमच्या प्रश्नात ते शेवटी आलं असलं तरी मला तेच मोठं वाटतं. खाऱ्या, जड पाण्यात साबण फाटतो. साबणातली स्निग्ध आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून पांढरा साका होतो. बादलीच्या काठाला जो थर धरतो तोच. तो चेहऱ्यावर राहतो आणि तुम्हाला चिकट वाटतं. मग मुलगी अजून घासते, अजून साबण लावते, आणि कातडी कोरडी पडून फुटते. पाणी उकळून फायदा थोडाच. जडपणाचा एक भाग खाली बसतो, खारटपणा तसाच राहतो, उलट पाणी आटलं की वाढतो. म्हणून आंघोळ बोअरच्या पाण्यानं करू द्या, पण तोंड धुवायला नळाचं तांब्याभर पाणी बाजूला ठेवा. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पहिल्या सरींचं सोडून नंतरचं पाणी धरलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. मी स्वतः साबण विकते तरी सांगते, तिच्या तोंडाला साबण नको. साबण म्हटला की तो अल्कधर्मी, पीएच 9 ते 10. त्वचा 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. बिनसाबणाचा, बिनवासाचा साधा फेसवॉश जड पाण्यातही फाटत नाही. हो, तो इकतचा आहे. इलाज नाही.

रिठ्यालाही खाऱ्या पाण्यात फेस येतो. पण तो केसांना ठेवा. डोळ्यात गेला तर पोरगी तुम्हाला बोलेल.

कोरफड. पान बुडापासून कापा आणि तिरपं, कापलेलं टोक खाली करून ग्लासात उभं ठेवा. पिवळा, कडू चीक गळतो. तो अर्धा तास पूर्ण गळू द्यायचा, मग पान धुऊन काटे आणि साल काढायची आणि गर पुन्हा धुवायचा. बऱ्याच जणींना "कोरफड सोसत नाही" ती या चिकामुळे. गर गुलाबी होतो तो हवा लागून. वास येतो म्हणजे त्यात जंतू वाढलेत. त्याला घरी टिकवायचा उपाय नाही, कारण ज्या कशात पाणी आहे ते टिकवायला परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारं द्रव्य, लागतं, आणि ते वजनकाट्यावर मोजून घालावं लागतं. व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल फोडून टाकली की टिकतं हे खोटं आहे, त्यानं तेल खवट व्हायला उशीर होतो, जंतू मरत नाहीत. गुलाबपाण्यानंही नाही. तुमच्या अंगणात बेट आहे ना? मग बाटली कशाला पाहिजे? रोज बोटभर तुकडा कापा. फ्रिज असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि एकेक खडा काढा.

टिकतं ते फक्त कोरडं. मसूर डाळ कडक उन्हात वाळवून, दळून वस्त्रगाळ करायची. चाळणीनं नाही, जुन्या सुती ओढणीतून. चार वाट्या मसुराला अर्धी वाटी मुलतानी माती, तीही तेलकट चेहरा असेल तरच. हळद या सगळ्यात पाव चमचा पुरे. खात्रीची हळद घ्या. सुट्या पुडीत रंग मिसळलेला असू शकतो. आमच्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मी तीच वापरते, पण घरच्या शेतातली असेल तर प्रश्नच मिटला. भिजवायचं तेव्हाच भिजवायचं, पूर्ण वाळायच्या आत ओलं करून उतरवायचं, खरवडायचं नाही. ओल्या हाताचा चमचा बरणीत गेला की ती बरणी संपली समजा.

आणि काहीही नवीन असो, आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा.

मोहफूल

आमच्या गोंदियाकडे थंडीत टोळीचं तेल लावतात, मोहाच्या बियांचं. चेहऱ्यालाही चालेल का?

साबणवाली

@मोहफूल, टाचांना, कोपरांना उत्तम. पिंपल येणाऱ्या चेहऱ्याला नको, जड आहे, थंडीत थिजतं. खोबरेल तेलाचंही तेच. लावायचंच असेल तर घाण्याचं करडईचं, दोन थेंब, ओल्या चेहऱ्यावर.

त्वचेची डॉक्टर

वरचं बरंचसं बरोबर आहे, पण पऱ्हाटीताई, मला लेपापेक्षा त्या क्रीमची काळजी वाटते. आठवड्यात चेहरा तुळतुळीत, बंद केलं की दुपटीनं उठणं, कायम लाली, उन्हात चुरचुर. हे सगळं स्टिरॉइडच्या क्रीममध्ये दिसतं. ट्यूब किंवा डबी घरात असेल तर त्यावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर इथं टाका. तोवर चेहऱ्याला काही लावू नका. मसूरही नाही.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. ट्यूब सापडली, तिनं दप्तरात ठेवली होती. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असं तीन ओळींत लिहिलंय. खाली लाल पट्टी आहे.

डॉक्टर ताई, पार्लरवाली म्हणाली होती की हे आयुर्वेदिक आहे.

त्वचेची डॉक्टर

नाही. मोमेटासोन हे स्टिरॉइड. हायड्रोक्विनोन रंग उतरवतं. ट्रेटिनॉइन कातडीचा वरचा थर सोलत नेतं, त्यामुळे ऊन सोसत नाही. हे तिघं एकत्र वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट चट्ट्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे देतात. पिंपलसाठी नाही, गोरं व्हायला तर नाहीच. स्टिरॉइडनं सूज दबते म्हणून चेहरा छान दिसतो, आत कातडी पातळ होते, आणि औषध थांबलं की दबलेलं सगळं वर येतं. लाल पट्टी म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. 2018 मध्ये केंद्रानं अशा 14 स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली, पण ती विकली जातातच. तुमच्या लेपानं आग झाली ती अशा सोललेल्या कातडीवर लिंबू पडल्यामुळे.

तरी तुमच्याकडच्या ट्यूबवर काही लिहिलेलं तरी आहे. नाव नसलेल्या गोरेपणाच्या डब्यांमध्ये पाराही सापडतो, आणि पारा मूत्रपिंडावर जातो. अशाच क्रीमनं मूत्रपिंडं बिघडलेल्या अकोल्यातल्या मायलेकींची बातमी 2023 मध्ये आली होती, बऱ्याच जणांनी वाचली असेल.

आता काय करायचं. तेच क्रीम पुन्हा आणायचं नाही, चेहरा कितीही भडकला तरी. पुढचे काही आठवडे भडकेल, तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती लपून आणेल. तोंड दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं किंवा बिनवासाच्या फेसवॉशनं धुवायचं, वर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. उन्हासाठी घरगुती काही नाही. गाजराचं, रास्पबेरीचं तेल वगैरे सांगतात ते ऊन अडवत नाही. ओढणी उत्तम, पण सुती, आणि रोज धुतलेली. फवारणी झालेल्या शेतात वापरलेली ओढणी कॉलेजला नको.

आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आतल्या गाठी ठणकतात म्हणजे पुढे खड्डे पडू शकतात, त्या लेपानं जात नाहीत. अमरावतीला इर्विनमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, आधी ओपीडीचे वार विचारून जा. पिंपलची खरी औषधं महाग नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलिन वगैरे, पण आत्ताच्या लाल कातडीवर स्वतःहून सुरू करू नका. त्यांना 8 ते 12 आठवडे लागतात. आठवड्यात गुण दाखवणाऱ्याचा तिला अनुभव आलाच आहे.

एक विचारते, इथं उत्तर दिलं नाही तरी चालेल. तिची पाळी नियमित येते का? हनुवटीवर लव वाढलीय का?

पऱ्हाटी

पाळी दोन-दोन महिने चुकते. लवीचं तिला विचारलं तर रडायला लागली. म्हणून हो समजा.

तिला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "मंग घरचं काहीच नाही का लावायचं?"

त्वचेची डॉक्टर

लाली गेल्यावर, तपासणाऱ्या डॉक्टरांनी हो म्हटलं की कोरफड आणि ते मसुराचं वस्त्रगाळ पीठ लावू दे. पीठ आठवड्यातून एकदा. तिनं स्वतः दळावं.

पाळी आणि लव दोन्ही आहे म्हणजे नुसती कातडी पाहून भागणार नाही. त्वचारोग ओपीडीत दोन्ही गोष्टी सांगा, ते स्त्रीरोग विभागाकडे पाठवतील, सोनोग्राफी आणि रक्त तपासतील. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी चुकते, लव आणि पिंपल वाढतात तो त्रास, निघाला तरी त्याला उपचार आहेत. तिथं सासूबाईंसमोर बोलायला लाजणार असेल तर तुम्हीच सोबत जा.

साबणवाली

बचत गटाचं राहिलंच. पऱ्हाटीताई, स्वतः वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचं म्हटलं की ते सौंदर्यप्रसाधन, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, कोरड्या उटण्यालाही. दिवाळीत गल्लोगल्ली विकलं जातं ती गोष्ट वेगळी. वर्ध्याच्या एमगिरी संस्थेत ग्रामोद्योगाचं प्रशिक्षण असतं, तिथं चौकशी करा. आणि पाकिटावर "पिंपल घालवते" लिहू नका, तसा दावा केला की ते औषधात जातं.

पऱ्हाटी

गटाचं मग संक्रांतीनंतर पाहू, वेचणी आटपू दे.

इर्विनला फोन लागला, सोमवारी या म्हणाले. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघीच जाऊ, सासूबाईंना "कॉलेजचं काम" सांगितलंय. ट्यूब सोबत घेते. अजून काही न्यायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

त्वचेची डॉक्टर

आधार कार्ड, मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा आठवतील तशा कागदावर, आणि क्रीम लावायच्या आधीचा तिचा एखादा फोटो. सकाळी चेहऱ्याला पावडर लावू नका.