मदत हवी आहे: भाचीला एमयूएनमध्ये तुवालू मिळालाय, तयारी कशी करून घेऊ?

माझी भाची नववीत आहे. पहिल्यांदाच मॉडेल युनायटेड नेशन्सला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्रसभेला, चालली आहे. देशवाटप झालं आणि बाईसाहेबांचं तोंड उतरलं. मैत्रिणीला फ्रान्स, हिला पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा देश तुवालू. "मावशी, जेमतेम अकरा हजार लोकांचा देश, माझं कोण ऐकणार?" समिती महासभेची, विषय समुद्राची वाढती पातळी. हातात तीन आठवडे.

इथे स्वतःचं नाही, देशाचं मत मांडायचं असतं, एवढं मला कळलंय. पण पोझिशन पेपरवर, म्हणजे देशाची भूमिका मांडणाऱ्या लेखी टिपणावर, गाडी अडली. पहिला मसुदा चक्क निबंध झालाय: 'हवामानबदल ही आज जगापुढील मोठी समस्या आहे.' तुवालू खोडून मंगोलिया लिहिलं तरी चालेल! दुसरी धास्ती कॉकसची, म्हणजे मधल्या चर्चेच्या फेऱ्यांची. मॉडरेटेडमध्ये चेअरने (सभाध्यक्षाने) पुकारलं की बोलेल ती. अनमॉडरेटेडमध्ये मात्र सगळे खुर्च्या सोडून घोळके करतात. तिथे ही भिंतीला टेकून उभी राहणार, हे मला आत्ताच दिसतंय. लहान देश घेऊन कोणी गेलंय का?

प्रतिसाद १
मी दोनदा चेअर होतो. खरं सांगू? या विषयाला तुवालू म्हणजे लॉटरी आहे. फ्रान्सचा व्हेटो सुरक्षा परिषदेत; महासभेत १९३ देश आणि प्रत्येकाला एकच मत.

पेपरमध्ये समस्येचं वर्णन दोन ओळींत उरकायला सांगा. बाकी जागा तुवालूने काय केलं याला. २०२१मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलं होतं. २०२३मध्ये तुवालूने राज्यघटनाच बदलली: जमीन बुडाली तरी देश कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार केला, दरवर्षी २८० जणांना तिथे स्थायिक होता येईल असा. आता हा प्रश्न सभागृहात टाकायचा: जमीन गेली तर सागरी हद्द कोणाची? बघा घोळका कोणाभोवती जमतो ते.

आणि रिझोल्यूशनमध्ये (ठरावात) 'आदेश देते' नको. महासभा शिफारस करते, आवाहन करते. यावर आम्ही हमखास टोकायचो.

प्रतिसाद २
वानुआतू या पॅसिफिकमधल्याच दुसऱ्या बेटदेशाचं उदाहरण पाठ करून ठेवू दे. हवामानबदलाबाबत देशांची जबाबदारी काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवायची कल्पना २०१९मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची. वानुआतूने देश जमवत जमवत मार्च २०२३मध्ये महासभेत ठराव एकमताने संमत करून घेतला. अनमॉडरेटेडमध्ये करायचं ते हेच! आधीच मालदीव, फिजी, किरिबाती असे बेटदेश कोणाकडे आहेत ते बघून ठेवा आणि घोषणा झाली की त्यांच्याच खुर्च्यांकडे सरळ चालत जायचं. भिंत गाठायला वेळच मिळू नये.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. कोफेंचं भाषण दाखवलं, तर निबंध स्वतःहून फाडला. आता नवीनच खूळ: पहिल्या भाषणाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभी राहते म्हणते. चेअरसाहेब, चालेल का हो?