शाळेच्या बास्केटबॉल सरांना 'यशस्वी' म्हणायचं ते कशावरून?

नौपाडेकर: आमच्या ठाण्यातल्या शाळेतले बास्केटबॉलचे सर परवा निवृत्त झाले. शाल-श्रीफळ, भाषणं, मागे कपाटभर ढाली. टाळ्या मीही वाजवल्या, पण मनापासून नाही. माझा मुलगा दोन वर्षं १७ वर्षांखालच्या संघात होता आणि दोन्ही वर्षं बाकावरच बसला. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. वीस गुणांची आघाडी असताना शेवटची दोन मिनिटं त्याला उतरवलं असतं तर काय बिघडलं असतं?

घोडबंदरची मुलगी: मी त्यांच्याच हाताखाली खेळले. आघाडीचं तुम्ही म्हणता ते खरंय, सर तिथे कंजूषच. पण सरावही बघायला हवा होतात. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळं धरायचं, ते सर स्वतः खराटा घेऊन घासायचे. पहिले दोन महिने रिंगकडे बघायचंसुद्धा नाही! नुसतं ड्रिबलिंग, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), चेस्ट पास. बाकावरच्यांनाही तेवढंच, एक फेरी कमी नाही. माझी उंची पाच फूट, मला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी, त्यांनीच केलं.

तीन हात नाका: अमेरिकेतला जॉन वूडन आधी ११ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत कोचिंग करायचा. पुढे १९४८ला यूसीएलए विद्यापीठाच्या संघाकडे गेला, तिथलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ला. मग १९७५पर्यंत एकूण दहा. सोळा वर्षं त्याला कोणी हाकललं नाही. आपल्याकडे एक वर्ष ढाल हुकली की ट्रस्टी विचारतात, कोर्टवर पार्किंग करूया का?

नौपाडेकर: वूडनचं राहू द्या, त्याला पगार तरी वेळेवर मिळत असेल. पण ट्रस्टींचा मुद्दा पटला. ढाल आणली नाही तर कोर्ट जाणार, म्हणून सर उंच पोरांना काढत नसतील. तरी भुर्दंड माझ्याच पोराने का भरायचा?

घोडबंदरची मुलगी: काका, तो आता खेळतो का?

नौपाडेकर: रविवारी सोसायटीत. लहान पोरांना शिकवतो. परवा बघितलं, रिंगकडे बघू देत नव्हता.

कळवा लोकल: मग वाद कसला घालताय!

नौपाडेकर: दोन मिनिटांचा. तो मी सोडणार नाही.